चार दिवसांचा खाडा

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा फोटो आता पंचायतीच्या कचेरीत लावायचं चाललंय म्हणे. लावा बापडे. खाली लिहिणार आहेत, 'मजुरीवाढीच्या लढ्यातल्या अग्रणी, कै. गवराबाई.' मजुरीवाढ म्हणे. कपाळ माझं. ज्या गोष्टीपायी ती बाई उन्हातान्हात बसली, तिचं नाव घ्यायला ह्या लोकांची जीभ अजून रेटत नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकदा सरळ सांगून टाकावं.

पण आधी हेही सांगते, जाऊबाईंवर माझ्याइतकं वैतागलेलं माणूस पंचक्रोशीत सापडायचं नाही. चिंचवडला नदीकडच्या आळीत आमचं दोन खणांचं घर. जाऊबाई ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, पदरात एकच मुलगी, शकू. मी धाकटी जाऊ. माझा नवरा सावळाराम रेल्वेत रुळांच्या कामावर. घरात शब्द चालायचा तो जाऊबाईंचा, आणि त्यांचं सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे शिवताशिवत. महिन्याचे ते चार दिवस आले की माझी रवानगी मागच्या पडवीत. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, आणि लोणच्याच्या बरणीकडं तर बघायचंसुद्धा नाही. बाहेरच्या बाईची सावली पडली तरी लोणचं नासतं, ही त्यांची पक्की समजूत. पितळी लांबून सरकवायची, भाकरी वरून टाकायची. चुकून एक पाऊल पुढं टाकलं की हात वर करून "तिकडंच थांब". एक मात्र खरं, उपाशी कधी ठेवलं नाही. स्वतः जेवायच्या आधी माझी पितळी सरकवायच्या. पण सरकवायच्याच.

तर ह्याच बाईनं पुढं एवढं रामायण घडवलं.

सत्तावन्न सालाच्या आगेमागे आमच्याकडं कारखाने नुकते कुठं दिसायला लागले होते. पिंपरीला औषधांचा मोठा सरकारी कारखाना झाला होता, तिकडं पुरुषांची भरती. आम्हा बायकांना जवळपास काम म्हणजे बबनरावांचा लोणच्याचा कारखाना, स्टेशनच्या रस्त्याला. बबनराव आमच्याच गावचे. लहानपणी पवनेत म्हशी धुवायचे, मोठेपणी शेठ झाले. त्यांच्या बरणीवर चिठ्ठी असायची, 'सोवळ्यातलं घरगुती लोणचं'. पुण्यातली मंडळी त्या एका शब्दावर बरण्याच्या बरण्या उचलायची. उन्हाळ्यात कैऱ्यांचे ढीग पडायचे आणि आम्ही बायका फळीवर बसून अडकित्त्यानं फोडी करायचो. जाऊबाई, शकू, मी, आणि माझ्या शेजारी बिल्किस. स्टेशनसमोर हॉटेल चालवणाऱ्या इब्राहिमची ती बायको.

आता सोवळ्यातलं म्हणजे काय, तर दारावर मुकादमीण मंजुळाबाई उभी. ती प्रत्येकीला विचारायची, "बरी हायेस न्हवं?" बरी नसलेलीनं तिथूनच मागं फिरायचं. चार दिवस खाडा. खाडा म्हणजे कामही नाही आणि मजुरीही नाही. दर महिन्याला, न चुकता. देवानं बाईच्या मागं जे लावलंय त्याचा दंड बबनरावांनी वसूल करायचा, असला हा कारभार.

बिल्किस म्हणायची, "आमच्यात त्या दिवसांत नमाज माफ हाय. अल्लानं माफ केलं, आन ह्यो शेठ खाडा लावतो."

मग बायका काय करणार? खोटं बोलायच्या. चूल पेटायची असेल तर बोलावंच लागायचं. "बरी हाय" म्हणून आत शिरायच्या आणि निमूट फोडी करायच्या. जाऊबाई तेवढ्या नाही. त्या आपणहून खाडा घेऊन घरी यायच्या. शकूही तशीच, आईच्या पावलावर पाऊल. त्या दोघींचा खरेपणा बघून मला तर घाम फुटायचा.

त्या उन्हाळ्यात लोणच्याची दोन पिंपं बुरसली. मीठ आखडतं घातलं की लोणचं बुरसणारच, त्याला बाई कशाला पाहिजे? पण बबनरावांनी ठरवून टाकलं, कुणीतरी बाहेरची असताना हात लावला. दुसऱ्या दिवशी दारावर पत्रे उभे केले. मंजुळाबाईनं एकेकीला पत्र्याआड न्यायचं, लुगडं तपासायचं आणि मगच आत सोडायचं. आम्ही खाली मान घालून गेलो. जाऊबाईही गेल्या. आतून संतापानं माझं अंग नुसतं पेटलं होतं.

शकूचा नंबर आला तेव्हा ती जागची हलली नाही.

"मी बरी हाय म्हनून सांगितलं न्हवं? मी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "पत्र्याआड येनार न्हाई."

बबनराव कचेरीतून बाहेर आले. "म्हणजे पिंपं हिनंच नासवली," म्हणाले, "उद्यापासून हिला दारात उभी करू नका." सगळ्यांसमोर म्हणाले. हमाल होते, ट्रकवाले होते.

जाऊबाई आत फळीवर होत्या. त्यांनी ते ऐकलं. हातातला अडकित्ता तसाच घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा बबनराव दोन पावलं मागं सरले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. जाऊबाईंनी अडकित्ता त्यांच्या पायाशी ठेवला.

"माजी पोर खोटं बोलली म्हनता? मग आता तुमीच फोडा कैऱ्या."

त्या चालायला लागल्या. त्यांच्यामागं शकू, शकूमागं मी, बिल्किस, आणि बघता बघता सगळी फळी रिकामी. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली आम्ही बसलो. काय मागायचं तेही तिथंच ठरलं. शकूला परत घ्या आणि पत्रे काढा, एवढंच जाऊबाई म्हणत होत्या. बिल्किसनं त्यांना गाठलं. "पत्रे खाड्यापायीच आले न्हवं? खाडा नसता तर खोटं कोन बोललं असतं?" जाऊबाईंनी जरा विचार केला. "त्या दिवसांत मी लोनच्याला हात लावनार न्हाई," म्हणाल्या, "पन दुसरं काम द्या, आन मजुरी द्या." झालं. शकू परत, पत्रे खाली, खाडा बंद. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

पण संप म्हटला की पुढारी लागतो. म्हणून खडकीहून चिमाजी आले. पांढरी टोपी, खिशाला पेन, माणूस तसा कळवळ्याचा. जाऊबाईंनी त्यांना सगळं सरळ सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं, परत लावलं.

"बाई, हे असं चारचौघांत कसं सांगायचं? आपण मजुरीवाढ म्हणू," ते म्हणाले. "आत हा विषय मी काढतोच."

आणि फडकं रंगवून लिंबाला बांधलं, 'मजुरीवाढ झालीच पाहिजे'.

लोकांनी आम्हाला अगदी डोक्यावर घेतलं, ते नाकारून चालायचं नाही. आकुर्डीहून भाकऱ्यांच्या टोपल्या आल्या, सांगवीहून बैलगाडीत भाकऱ्या आणि पिठल्याची पातेली आली. आधी कुणाची भाकरी खायची ह्यावरून दोन्ही गावांची जुंपली, तेही आम्हीच मिटवायचं. इब्राहिमनं चहा फुकट सुरू केला. बाजारातल्या दुकानदारांनी बबनरावांच्या बरण्या फळीवरून खाली काढल्या. तालमीतली पोरं लाठ्या घेऊन आमच्या राखणीला आली, कुणापासून राखणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका लग्नाचं बँडपथक परतताना लिंबाखाली थांबून दोन गाणी वाजवून गेलं. आणि जो येईल तो विचारायचा, "किती वाढ मागताय, वैनी?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो. भाकरी गोड लागायची, पण माझं डोकं फिरून जायचं. ज्याच्यासाठी बसलोय तेवढं सोडून बाकी सगळ्याला ह्यांचा पाठिंबा.

मग एके दिवशी चिमाजी आणि बबनराव कचेरीत बसले आणि हसत हसत बाहेर आले. मिटलं म्हणाले. मजुरी वाढली, वर दोन वेळचा चहा. संध्याकाळी गणपतीच्या देवळापुढं विजयाची सभा, लाउडस्पीकर, हार, गुलाल.

"आन खाडा?" जाऊबाईंनी विचारलं.

"ती घरगुती बाब आहे म्हणतात. सावकाश सुटेल."

"आन शकू?"

"तिनं फक्त माफी मागायची. दोन शब्दांचं काम."

चिमाजींच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की एक धपाटा घालावासा वाटला. संध्याकाळी सभेत गुलाल उधळला गेला. जाऊबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि सरळ लाउडस्पीकरपुढं जाऊन उभ्या राहिल्या. विधवा बाई, जन्मात कधी चार पुरुषांपुढं बोलली नव्हती.

"आमी मजुरीवाढीसाठी बसलोच न्हवतो," त्या म्हणाल्या. "बाईला म्हैन्याला अडचन येती. तुमच्या घरात येती, शेठच्या घरात येती, ह्या पुढाऱ्याच्या घरातबी येती. त्यापायी शेठ आमचे चार दिस कापतो. पत्र्याआड नेऊन बायकांची लुगडी बघतो. माज्या पोरीनं न्हाई म्हटलं, तर तिला नासकी ठरवली. त्यासाठी आमी बसलो. आजून बसलोय."

पुरुष आपापल्या वहाणांकडं बघत राहिले. पहिल्यांदा तालमीतली पोरं पसार झाली, लाठ्यांसकट. मग एकेक जण उठला. "बायकांनी लाज सोडली," असं जाता जाता कुणीतरी म्हणालं, तेही पाठ वळवून.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली एक भाकरी आली नाही. फडकं तेवढं लोंबत होतं. बाजारात बरण्या परत फळीवर चढल्या. आणि गावातल्या बायका? त्या तर आणखी वरचढ. "बाहेरच्या बायांच्या हातचं लोनचं आमाला चारत होता व्हय?" असं विचारून त्यांनी आम्हाला नदीवर तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. आमच्यातल्याही काहीजणी कुरकुरायला लागल्या, वाढ मिळत होती ती घ्यायची होती. आणि शकू कोपऱ्यात बसून म्हणते, "आई, मी मागते माफी." तिचं ते ऐकवेना.

माझे तेव्हा ते दिवस होते. पडवीत बसल्या बसल्या मी जाऊबाईंवर तोंडसुख घेतलं. "भरल्या सभेत बोलायची काय गरज होती? मिळत होतं तेबी घालवलंत. पोरीचं लगीन कसं व्हायचं आता?" घरात पीठ संपत आलेलं. जाऊबाईंनी उरलेली भाकरी माझ्या पितळीत टाकली, पितळी सरकवली आणि स्वतः तांब्याभर पाणी प्यायल्या. मग त्या पितळीकडं बघत राहिल्या.

"तुला मी कवा उपाशी ठेवली व्हय गं?"

"न्हाई," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग," एवढंच म्हणाल्या आणि धुण्याची बादली उचलून नदीवर गेल्या.

तिथं काय झालं ते बिल्किसनं मला सांगितलं. सगळा घाट बायकांनी भरलेला. जाऊबाई मधोमध उभ्या राहिल्या. दुसरी कुणी असती तर बायकांनी धोपटण्यानं हाणली असती. पण गवराबाईंइतकी कडक शिवताशिवत गावात कुणाच्याच घरी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून ऐकून घेतलं.

"मी लोनच्याला शिवू द्या म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी घरात लेकीसुनांना बसवता न्हवं? मग त्यांना जेवाय घालता का उपाशी मारता? बसवायचं तर पोसायचं. आपली रीत ती हाय. ह्यो बबन बसवतो आन भाकरी काढून घेतो. ह्यो कुठला सोवळेपना? कुनाच्या आईनं शिकवला?"

घाटावर धुणी आपटायची थांबली. एक सासू म्हणाली, "ह्ये मातुर खरं हाय." दुसरी म्हणाली, "मग काय करावं म्हनतीस?"

"बसायचं," जाऊबाई म्हणाल्या. "समद्यांनी. एकदम."

गोष्ट घाटाघाटानं, विहिरीविहिरीनं फिरली. माहेरवाशिणींनी ती सांगवीला नेली, बाजारकरणींनी आकुर्डीला आणि खडकीला. आणि एका सोमवारी सकाळी सावळाराम उठून बघतो, तर चूल थंड.

"आज च्या न्हाई व्हय?"

"मी बाहेरची हाय."

"पन तू तर आत्ता न्हालीस..."

"परत झाले," मी म्हटलं. त्यानं घागर उचलली आणि पाण्याला निघाला.

असं घरोघर. नव्या सुना बसल्या, जुन्या सासवा बसल्या. तोंडात दात नसलेल्या आज्या पडवीत ऐसपैस बसून "मला अडचन हाय" म्हणून सांगायला लागल्या. आणि पुरुषांना काही बोलता येईना. ज्या गोष्टीचं नाव निघालं म्हणून सभेतून उठून गेले होते, तिची चौकशी आता कुठल्या तोंडानं करणार? घागरी आणता आणता त्यांच्या कमरा धरल्या. भाकरी थापायला बसले की पीठ कोपरापर्यंत. सावळारामनं केलेली भाकरी कुत्र्यानं नुसती हुंगून सोडली. चार दिवस इब्राहिमच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. गळ्यात माळ घातलेले म्हातारे कोपऱ्यात तोंड लपवून पाव खात होते. इब्राहिम खूश. मग बिल्किसनं त्याला काय सुनावलं कोण जाणे, पाचव्या दिवशी त्यानं हॉटेलाला फळ्या लावल्या. "घरवाली बाहेर बसलीय," म्हणाला. त्यांच्यात असं बसत नाहीत हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण विचारणार कोण?

पाचव्या दिवशी बायका न्हाऊन उठतील म्हणून सगळे वाट बघत होते. कुणी न्हायलं नाही. "शकू कामावर गेली की न्हाऊ," असं ज्या त्या पडवीतून उत्तर. बबनरावांच्या वाड्यातही तेच, त्यांची बायको मागच्या दारी चटई टाकून बसलेली.

आम्ही संपवाल्या बायका दिवसा अजून लिंबाखालीच बसत होतो. त्याच दुपारी मंजुळाबाई दारावरची जागा सोडून लिंबाखाली आली आणि आमच्यात बसली. साठी उलटलेली बाई.

"मीबी बाहेरची हाय," म्हणाली.

बिल्किसला राहवेना. "मावशी, ह्या वयात?"

"खोटं वाटतं? चल पत्र्याआड, दावते," मंजुळाबाई म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. ती मात्र हसली नाही. शकूकडं बघून म्हणाली, "पोरी, माझ्या हातानं लई वंगाळ झालं." शकू सरकली आणि तिला सावलीत जागा दिली.

संध्याकाळी पुरुषच बबनरावांच्या दाराशी गेले. दुकानदार, तालमीतली पोरं, माळकरी, सगळ्यांत पुढं चिमाजी, फुटाण्यावर दिवस काढून गाल बसलेले. एकानंही विषयाचं नाव काढलं नाही. "शेठ, तेवढं ते मिटवा," एवढंच. बबनरावांनीही नाव न काढताच मिटवलं. पत्रे त्याच रात्री उतरले. त्या दिवसांत बरण्या धुवायच्या, मोहरी निवडायची, मजुरी पूर्ण. शकू परत, माफीबिफी काही नाही. सकाळी नदीवर न्हाणाऱ्या बायकांची ही गर्दी, जत्रेला नसेल अशी.

आणि बाजारात चिमाजींच्या गळ्यात हार पडला, मजुरीवाढीचा. घ्या.

पुढच्या महिन्यात मी परत पडवीत. दिवसभर कारखान्यात मोहरी निवडून आले होते, पूर्ण मजुरीनं. जाऊबाईंनी नेहमीसारखी पितळी लांबून सरकवली. भाकरी आणि कांदा. मी लोणचं मागितलं. त्या म्हणाल्या, "न्हाल्यावर खा." आणि माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं.

"जाऊबाई, कारखान्यात समद्या बाया खोटं बोलून आत शिरत व्हत्या. मीबी शिरले. त्याच हातांनी फोडी भरल्या. दर सालाला. त्या समद्या पिंपांतली दोनच बुरसली, तीबी मिठापायी. बाकीचं लोनचं पुन्याची मानसं बोटं चाटून खात्यात. मग मला सांगा, तुमच्या ह्या बरनीलाच कुठला देव बसलाय?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तूबी शिरलीस?"

"मीबी."

उठून आत गेल्या. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. त्या बाहेर आल्या त्या बरणी घेऊन. माझ्या पुढ्यात ठेवली, झाकण काढलं आणि समोरच बसल्या.

"काढ."

माझा हात उचलेना. आयुष्यभर ज्याच्यासाठी कुढले, ते समोर आल्यावर मलाच भीती वाटली.

"काढ की. तोंड तर मघा लई चालत व्हतं."

मी एक फोड काढली. जाऊबाईंनी माझ्या पितळीतली भाकरी मोडली, त्याच फोडीचा खार तिला लावला आणि खाल्ली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

त्यानंतर कितीतरी दिवस रोज सकाळी उठलं की त्या आधी बरणीचं झाकण उघडून वास घ्यायच्या. मला दिसू नये म्हणून पाठ करून घ्यायच्या. माझा तिळपापड व्हायचा.

"जाऊबाई, नासलं का?"

"आजून न्हाई," म्हणायच्या आणि झाकण लावायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या कैऱ्या आल्या तेव्हा त्यांनी शेवटचा वास घ्यायला बरणी उघडली. आत नासायला काही उरलंच नव्हतं. आम्ही तिघींनी मिळून ते केव्हाच संपवलं होतं, ज्या दिवशी जिला हवं तिनं, आपल्या हातानं काढून.